बिल्ला कोणत्या रंगाचा?

परदेशातील कंत्राटी संगणक-नोकरीची दुसरी बाजू

मुलगा अमेरिकेला गेला की वस्तीत पेढे वाटले जातात. वाटलेच पाहिजेत! ज्या घरातल्या आजोबांनी गिरणीत घाम गाळला, ज्या आजीने बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहिली, त्या घरातला नातू संगणक शिकून सातासमुद्रापार जातो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. शेजारीपाजारी विचारतात, "कुठल्या कंपनीत लागला?" आईवडील जगप्रसिद्ध कंपनीचे नाव सांगतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात.

अशाच एका घरी आम्ही बसलो होतो. घरच्यांच्या विनंतीवरून नाव सांगत नाही. वडील गिरणीतले जुने बदली कामगार. त्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. इतक्यात मुलाचा फोन आला आणि त्यांनी तो आमच्या हाती दिला. आम्ही सहज बोलून गेलो, "काय रे बाळा, एवढ्या मोठ्या कंपनीत आहेस, वडिलांसाठी पंधरा दिवस रजा मिळत नाही होय?" पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मी त्या कंपनीत नाही. त्या कंपनीच्या इमारतीत आहे."

त्या एका वाक्याने आम्हांला विचारात पाडले. पुढे त्याने जे सांगितले ते आमच्या अनेक घरांनी ऐकण्यासारखे आहे. तो रोज ज्या इमारतीत जातो तिच्यावर नाव एका कंपनीचे. त्याचा पगार करते दुसरीच कंपनी. या दोघींच्या मध्ये आणखी एक. पगारी रजा नाही. काम केलेले तास कागदावर भरायचे, त्याला ते 'टाइमशीट' म्हणतात. त्यावर मोठ्या कंपनीच्या साहेबाची मंजुरी आली तरच पैसे. करार सहा महिन्यांचा. पुढचे सहा महिने मिळणार की नाही, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. त्याने लिहिलेला प्रोग्राम लाखो लोकांच्या फोनमध्ये चालतो. पण तो पूर्ण झाल्यावर केक कापला गेला तेव्हा याला बोलावणे नव्हते.

आम्ही हे सारे वडिलांना समजावून सांगितले. म्हातारा हसला आणि म्हणाला, "म्हणजे बदलीच की! आम्ही गिरणीच्या दारात उभे राहायचो, हा काचेच्या दारात उभा राहतो."

एक खुर्ची, मध्ये तीन हात

या धंद्याची रचना ठेकेदारीसारखीच आहे. मोठ्या कंपनीला एखाद्या कामासाठी माणूस हवा असतो, पण कायम नोकर नको असतो. ती एका मोठ्या पुरवठादाराला सांगते. तो लहान पुरवठादाराला सांगतो. लहान पुरवठादार एखाद्या सल्लागार कंपनीकडून माणूस उचलतो. माणसे पुरवण्याच्या या धंद्याला तिकडे 'बॉडी शॉपिंग' असे नाव पडले आहे. नावातच सारे आले!

समजा, मोठी कंपनी त्या खुर्चीसाठी तासाला शंभर डॉलर मोजते. मधल्या प्रत्येकाने आपला वाटा काढून घेतला की खुर्चीवर बसलेल्याच्या हाती किती येतात, हे कित्येकदा त्यालाही ठाऊक नसते. वरचा आकडा त्याला सांगितलाच जात नाही. काम करवून घेणारा एक आणि पगार देणारा दुसरा. त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची? साहेब म्हणतो, "तुझ्या कंपनीला विचार." कंपनी म्हणते, "तिथल्या साहेबाला नाराज करू नकोस."

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. कंत्राटी संगणक-काम म्हणजे सरसकट फसवणूक नव्हे. काहींना त्यात कायम नोकरांपेक्षा जास्त दर मिळतो, कमी वर्षांत अनेक कामे शिकता येतात, आणि काहीजण स्वखुशीने हाच मार्ग पत्करतात. आमची तक्रार निवडीबद्दल नाही. माणसाला आपण काय पत्करले हेच माहीत नसते, याबद्दल आहे.

रेडमंडचा खटला

हा प्रश्न आजचा नाही आणि केवळ आपल्या मुलांचाही नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलजवळ रेडमंड येथे मायक्रोसॉफ्ट कंपनीचे मुख्यालय आहे. १९९० च्या आधी या कंपनीने अनेक माणसे 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून कामावर घेतली. ती बहुतेक अमेरिकेतलीच होती. प्रोग्राम तपासणे, पुस्तिकांचे मुद्रित वाचणे, मांडणी करणे, सूची बनवणे अशी त्यांची कामे. ती कायम नोकरांच्याच इमारतीत, त्यांच्याच साहेबांच्या हाताखाली, त्यांच्याच वेळेत काम करीत. काहीजण वर्षानुवर्षे करीत.

फरक कुठे होता? बिल्ल्याचा रंग वेगळा. ई-मेलचा पत्ता वेगळा. कंपनीच्या समारंभांना आमंत्रण नाही. जादा तासांचा जादा दर नाही. आणि पगार? तो पगारपत्रकातून निघतच नव्हता. या माणसांनी केलेल्या कामाचे बिल सादर करायचे आणि पैसे यायचे ते देणेकऱ्यांची बिले चुकवणाऱ्या खात्यातून.

आमची उमर हजेरीपत्रक आणि बिले यांच्यात गेली आहे, म्हणून ही गोष्ट आमच्या चटकन ध्यानात येते. ज्या खात्यातून टेबल-खुर्च्यांचे आणि कागदाचे बिल चुकते होते, त्याच खात्यातून माणसाच्या श्रमाचे पैसे निघत होते. जमाखर्चाच्या वहीत तो माणूस नव्हता. खरेदी केलेला माल होता!

१९८९-९० च्या सुमारास अमेरिकेच्या करखात्याने तपासणी केली. ही माणसे कंत्राटदार नसून कराच्या दृष्टीने नोकरच आहेत, असे खात्याने ठरवले. कंपनीने ते मान्य केले. पण मग काय केले? काहींना कायम केले. उरलेल्यांना सांगितले, की माणसे पुरवणाऱ्या एजन्सीच्या नावावर जा, नाहीतर काम सोडा. खुर्ची तीच, काम तेच. फक्त हजेरीपत्रक बदलले.

१९९२ साली आठ जणांनी आपल्यासाठी आणि आपल्यासारख्या इतरांसाठी न्यायालयात धाव घेतली. आम्ही नोकर होतो, तर नोकरांना मिळणाऱ्या सवलती आम्हांलाही द्या, ही त्यांची मागणी. कंपनीच्या नोकरांना तिचे शेअर्स बाजारभावापेक्षा १५ टक्के कमी दराने घेता येत होते. त्या काळात त्या शेअरची किंमत कशी वाढली हे जगजाहीर आहे. ज्यांना ते घेता आले त्यांचे दिवस पालटले. शेजारच्याच खुर्चीवर बसणारा वेगळ्या बिल्ल्याचा माणूस मात्र कोरडाच राहिला.

कंपनी म्हणाली, "यांनीच सही केली आहे. आम्ही कंत्राटदार आहोत, सवलती मागणार नाही, असे यांनीच लिहून दिले आहे." यावर १९९६ आणि १९९७ साली अपील न्यायालयाने दिलेले निकाल कामगारांच्या बाजूचे होते. १९९९ साली त्याच न्यायालयाने एजन्सीच्या नावावर टाकलेल्यांनाही दार उघडे केले. थोडक्यात सांगायचे तर, कागदावर नाव काय दिले यापेक्षा काम कोण करवून घेतो आणि त्यावर ताबा कोणाचा, हे महत्त्वाचे ठरले.

आपल्याकडच्या कष्टकऱ्यांना ही लढाई ओळखीची वाटेल. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली शिक्कामोर्तब केले, तेही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. एकाच्या हाती झाडू, दुसऱ्याच्या हाती संगणक. पण मधला कागद एकाच जातकुळीचा.

जिंकले, पण पुढे काय?

डिसेंबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन हा खटला मिटवला. हजारो माणसांचा त्यात वाटा होता. खटला घातल्याला आठ वर्षे झाली होती, आणि पैसे हाती पडायला आणखी काही वर्षे गेली.

एवढे होऊनही कंत्राटी पद्धत संपली का? नाही. उलट मोठ्या कंपन्यांनी धडा घेतला तो वेगळाच. कंत्राटी माणूस फार काळ ठेवला तर तो हक्क सांगतो; तेव्हा त्याला फार काळ ठेवूच नका! मायक्रोसॉफ्टने २००० साली नियम केला, की एजन्सीच्या माणसाने एक वर्ष काम केले की पुढचे १०० दिवस त्याला घेऊ नये. २०१४ साली नियम बदलला. बाहेरच्या कंपनीच्या माणसाला १८ महिने प्रवेश, मग सहा महिने दार बंद.

ज्या नियमाने माणसाला न्याय मिळायचा, त्याच नियमाच्या भीतीने त्याला बाहेर बसवले गेले. अठरा महिने राबून ज्याने काम शिकून घेतले, त्याने ते नव्या माणसाला शिकवायचे आणि निघून जायचे. काम अर्धवट असले तरी जायचे. ज्याला आपले काम प्रिय आहे त्याला हे किती लागत असेल! तो मुलगा आम्हांला म्हणाला, "काका, मी लावलेलं झाड वाढतंय की वाळतंय, ते बघायलासुद्धा मला आत जाता येत नाही."

पांढरा बिल्ला, लाल बिल्ला

गूगल कंपनीत कायम नोकरांचा बिल्ला पांढरा आणि बाहेरून आणलेल्यांचा लाल. २०१९ च्या मार्च महिन्यात तिथे सुमारे १,०२,००० कायम नोकर होते आणि तात्पुरते व कंत्राटी मिळून सुमारे १,२१,०००, असे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्या वर्षी उघड केले. म्हणजे ज्या कंपनीच्या नावाने जग दिपून जाते, तिथे काम करणारे निम्म्याहून अधिक लोक तिच्या हजेरीपत्रकावर नव्हते. त्यांत स्वयंपाकघरातले होते तसे प्रोग्राम लिहिणारे आणि तपासणारेही होते.

एप्रिल २०१८ मध्ये गूगलच्याच मालकीच्या यूट्यूबच्या कॅलिफोर्नियातील कार्यालयात गोळीबार झाला. त्या वेळी धोक्याच्या सूचना केवळ कायम नोकरांना पाठवल्या गेल्या आणि आम्हांला वाऱ्यावर सोडले, अशी तक्रार कंत्राटी कामगारांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात उघड पत्र लिहून केली. बंदुकीची गोळी बिल्ल्याचा रंग बघून येते काय? त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या दबावानंतर गूगलने २०१९ साली पुरवठादारांसाठी किमान वेतन आणि आरोग्य विम्याच्या अटी जाहीर केल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पिट्सबर्ग शहरात आणखी एक घटना घडली. तिथे गूगलचे काम करणारे सुमारे ९० तंत्रज्ञ होते. त्यांचा मालक मात्र गूगल नव्हता. आपल्या भारतातील एचसीएल कंपनीची अमेरिकन शाखा त्यांना पगार देई. त्यांनी मतदान करून युनियन केली. तीही कुठली? पोलाद कामगारांची! पुढे त्यांचा कंपनीशी करारही झाला. संगणकवाल्यांना युनियनची गरज नसते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

व्हिसाची दोरी

तिथल्या नागरिकाला बिल्ला गेला तर नोकरी जाते. आपल्या मुलाचा बिल्ला गेला तर देशात राहण्याचा आधारच हलतो. हा फरक आईवडिलांनी नीट समजून घ्यावा.

संगणकाच्या कामासाठी जाणारी आपली बहुतेक मुले एच-१बी व्हिसावर असतात. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५,००० नव्या व्हिसांची मर्यादा, शिवाय अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,०००. हा व्हिसा मालकाच्या अर्जावर मिळतो. नोकरी सुटली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत. तेवढ्यात दुसरा मालक मिळवा, नाहीतर सामान बांधा. भाड्याचे घर, मुलांची शाळा, गाडीचे हप्ते, सारे त्या ६० दिवसांत.

कायम रहिवासाचे ग्रीन कार्ड मिळेल म्हणावे, तर नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त जागा येत नाहीत. अर्ज करणाऱ्यांत भारतीय प्रचंड, म्हणून रांग वर्षानुवर्षांची. सोबत गेलेल्या पत्नीला २०१५ पर्यंत तिथे काम करण्याची परवानगीच नव्हती. त्या वर्षी मिळाली तीही पतीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण पुढे सरकलेले असेल तरच. कित्येक शिकलेल्या लेकी तिथे चार भिंतींत बसून राहिल्या. त्यांच्या पदव्यांचे काय झाले, हे कोणी विचारले?

या दोरीमुळेच मुलगा बोलत नाही. तास कमी लावले, गप्प. पगार उशिरा आला, गप्प. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत रिकामे बसावे लागते, त्याला ते 'बेंचवर बसणे' म्हणतात. त्या दिवसांचा पगार कापला तरी गप्प. वास्तविक मालकाकडे काम नाही म्हणून एच-१बी कामगाराचा पगार थांबवता येत नाही, असे अमेरिकेचा १९९८ चा कायदा सांगतो. पण कायदा पुस्तकात आणि भीती पोटात!

दोन्ही खुर्च्यांवर कामगारच

आणखी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. २०१४ च्या अखेरीस फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे डिस्ने कंपनीने सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याचे कळवले. त्यांतल्या अनेकांच्या जागी पुरवठादार कंपन्यांमार्फत व्हिसावर आलेली माणसे बसली. जाणाऱ्यांपैकी काहींना शेवटच्या दिवसांत आपले काम या नवागतांना शिकवावे लागले. त्यांचा संताप साऱ्या अमेरिकेत गाजला.

त्या संतापाचा रोख कोणाकडे वळला? शेजारी बसून शिकणाऱ्या पोराकडे. त्याने ना कोणाला काढले होते, ना त्याला कोणी विचारले होते. शिकवणारा उद्या बेकार होणार आणि शिकणारा परवा 'बेंच'वर बसणार. दोन्ही खुर्च्यांवर कामगारच, आणि हिशेब तिसऱ्याच टेबलावर. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी बाहेर देशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम काढला, त्यामागेही अशा संतापाचे राजकारण आहे.

घरच्यांनी काय विचारावे?

तर मुलांनी जाऊ नये काय? जरूर जावे. शिकावे, कमवावे, जग पाहावे. पण घरातले दागिने मोडण्याआधी आणि पतसंस्थेचे कर्ज काढण्याआधी आईवडिलांनी मुलाला जवळ बसवून पुढील गोष्टी विचाराव्यात. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नये. प्रश्न मराठीतही विचारता येतात.

पहिला प्रश्न : पगार कोण देणार? इमारतीवरचे नाव नव्हे, पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव सांग. तू आणि ती इमारत यांच्यामध्ये किती कंपन्या आहेत?

दुसरा : व्हिसाचे पैसे कोण मागतो आहे? एच-१बी अर्जाचे मुख्य शुल्क आणि त्या अर्जासाठीच्या वकिलाची फी हा मालकाचा खर्च आहे. तो आपल्याकडून मागणारा दलाल दारातूनच परत पाठवावा.

तिसरा : मालकाने अमेरिकेच्या कामगार खात्याला जो अर्ज दिला, त्याची प्रत हाती येणार का? त्यात पगार आणि कामाची जागा लिहिलेली असते, आणि कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत तिची प्रत कामगाराला देणे मालकावर बंधनकारक आहे. ती प्रत जपून ठेवावी.

चौथा : मुदतीआधी नोकरी सोडली तर काय भरावे लागेल? तिकडचा कायदा 'दंड' घेऊ देत नाही, पण आधी ठरवलेली वाजवी 'नुकसानभरपाई' घेऊ देतो. या दोन शब्दांच्या फटीत अनेकांचे पाय अडकले आहेत. सही करण्याआधी जाणकाराला दाखवावे.

पाचवा : काम नसेल त्या दिवसांचा पगार मिळेल का? कापला गेला तर अमेरिकेच्या कामगार खात्याकडे बारा महिन्यांच्या आत तक्रार करता येते. म्हणून प्रत्येक टाइमशीट आणि पगाराची प्रत्येक चिठ्ठी यांची प्रत स्वतःजवळ ठेवावी. रेडमंडच्या आठ जणांकडे दाखवायला कागद नसते तर त्यांचे कोण ऐकणार होते?

आणि आईवडिलांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या मिरवण्यामुळे तर पोर गप्प बसत नाही ना? वस्तीत एकदा मोठ्या कंपनीचे नाव सांगून झाले की त्याला खरे बोलण्याची सोय उरत नाही. परत यावे लागले तर "काढून टाकला वाटतं" अशी कुजबुज सुरू होते. कंत्राट संपणे म्हणजे नापास होणे नव्हे, एवढे तरी त्याला आपल्या घरातून कळू द्या.

त्या म्हाताऱ्याचे ऑपरेशन नीट पार पडले. मुलगा येऊ शकला नाही. आम्ही दोघे-तिघे दवाखान्यात आलटूनपालटून बसलो. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मुलाला फोन लावायला सांगितला. आम्हांला वाटले, तब्येतीचे सांगतील. ते म्हणाले, "बाळा, मी बरा आहे. तुझं कंत्राट कधीपर्यंत आहे ते सांग. आणि संपलं तर घर इथंच आहे."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग पोरगा तारीख सांगू लागला. घरात त्याला ती पहिल्यांदाच कोणी विचारली होती.